दत्तूचा नॉर्मल रिपोर्ट

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमची ही चारचौघांत सांगते. खरंच आहे ते. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुठल्या सुपरवायझरची बदली झाली, कुणाकडे नवीन फ्रिज आला — आमच्या काळेवाडीच्या गल्लीत बातमी आधी माझ्याकडे येते आणि मग गल्लीला कळते. पण एक गोष्ट मी हिलासुद्धा सांगितलेली नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही ती तेवढी वगळून बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

दत्तू मूळचा चाकणजवळच्या कुरुळी गावचा. मी परभणीकडचा, पोटासाठी इकडे आलेला. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही बरोबरच लागलो — तो फोर्कलिफ्ट चालवायचा, मी माल तपासायचा. मापात न बसलेल्या पार्टवर लाल खूण करून बाजूला टाकायचं, हे माझं काम. त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडायचं. पहिल्या दिवाळीला मला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा दत्तूनं मला मोटारसायकलवर घालून घरी नेलं. त्याची बायको, मंदावहिनी. त्या दिवसापासून त्या घरात माझं ताट कायमचं झालं.

दत्तू अंगानं आडवा, हसायला लागला की शेड दणाणायची. गालात तंबाखू कायम. एकदा त्याला घरी घेरी आली, म्हणून वहिनींनी गावातल्या डॉक्टरकडे नेलं. बीपी भलतंच वाढलेलं निघालं. रोज गोळी घ्या, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, चाला, आणि छातीची पट्टी — म्हणजे ईसीजी — काढून घ्या, असं डॉक्टरनं सांगितलं. दत्तूनं यातलं काहीच मनावर घेतलं नाही. वहिनींनी मात्र सगळं घेतलं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, पापड बंद झाले, गोळी त्या स्वतः हातावर ठेवायला लागल्या. सकाळी त्याला घेऊन शेतापर्यंत चालायला जायच्या. गावात हसू व्हायचं. मीही चिडवायचो — काय राव, नवं लग्न झालंय का? त्या लाजायच्या, पण चालणं सोडायच्या नाहीत.

मग कंपनीची वर्षाची तपासणी आली. बाहेरच्या कुठल्या तरी एजन्सीची गाडी आवारात उभी राहायची, आत वजन, बीपी आणि ईसीजी. दत्तू घाबरला. काही निघालं तर फोर्कलिफ्टवरून उतरवून पॅकिंगला बसवतील, अशी त्याची भीती. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या कानाशी आला. ‘‘भावा, तुझं काळीज दगडावानी हाय. माझ्या नावानं बी एकदा झोप की.’’

मी का हो म्हटलं? मैत्रीखातर, असं मी स्वतःला सांगत आलो. थोडं खरंही आहे. पण मोठा भाग वेगळाच होता — मला गंमत वाटली. आपलं हृदय इतकं ठणठणीत की दोघांना पुरेल, याचा माज होता मला. दारू नाही, तंबाखू नाही, सर्दीसुद्धा होत नाही, हे मी सगळ्यांना ऐकवायचो. ते मास्कचे दिवस होते. एकच युनिफॉर्म, तोंड झाकलेलं, डोक्यावर टोपी. सकाळी माझ्या नावानं आडवा झालो आणि दुपारी दत्तूचं कार्ड गळ्यात अडकवून पुन्हा त्याच बाकावर. छातीवर सकाळच्या ईसीजीच्या रबरी वाट्यांचे लाल गोल वळ तसेच होते. ईसीजी काढणाऱ्या पोरीनं त्यांच्यावरच पुन्हा वाट्या चिकटवल्या. एक नजर माझ्याकडे टाकली — की मला वाटलं तसं? बाहेर रांग मोठी होती. तिनं काही विचारलं नाही.

दत्तूचा रिपोर्ट नॉर्मल आला. येणारच.

त्या रविवारी वहिनींनी मटण केलं. मला आग्रह करकरून वाढलं. लोणच्याची बरणी माळ्यावरून खाली आली होती. रिपोर्टच चांगला आलाय म्हटल्यावर गोळ्या कशाला, असं दत्तू म्हणाला आणि वहिनींनी मान डोलावली. किती सुटल्यासारख्या दिसत होत्या त्या! मी मान खाली घालून रस्सा ओरपला. पुढं चालणंही बंद झालं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मूर्खपणा केलास, पण होतं असं. एवढंच असतं तर मीही कधीतरी बोललो असतो. सांगायचं आहे ते याच्या पुढचं. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच घिरट्या घालतोय.

काही महिन्यांनी गावची जत्रा होती. देवळाच्या पायऱ्या चढताना दत्तू मध्येच बसला. हसत होता, पण कपाळावर घाम, आणि उजव्या हातानं डावा दंड दाबत होता. वहिनी मला बाजूला घेऊन गेल्या. हात जोडल्यासारखे छातीशी धरले होते त्यांनी.

‘‘भाऊजी, ह्ये चार पायऱ्या चढलं की बसत्यात. हातात कळ येती म्हनत्यात, जबडा बी दुखतो. पर कंपनीत तर काय बी निघालं न्हाई. तुमी शिकलेलं, तुमाला कळतं. नेऊ का मोठ्या दवाखान्यात?’’

ऐकलंत? त्या मलाच विचारत होत्या. अख्ख्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं की दत्तूचं हृदय कुणी तपासलेलंच नाही — एक तो आणि एक मी. तो पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. बोलू नको, असं त्याचे डोळे सांगत होते. पण मी गप्प राहिलो ते त्याच्या डोळ्यांमुळे नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मोठ्या दवाखान्यात नवीन पट्टी काढतील, मग जुनी मागतील. दोन्ही शेजारी ठेवतील. डॉक्टर म्हणेल, ह्या एका माणसाच्या नाहीत. कंपनीत चौकशी लागेल. मला नुकतंच कायम केल्याचं पत्र मिळालं होतं.

मी म्हणालो, ‘‘वहिनी, रिपोर्ट एवढा स्वच्छ आलाय. पित्त असेल. जत्रेचं तेलकट खाणं, दुसरं काय?’’

त्यांचा चेहरा खुलला. बरं झालं तुमाला इचारलं, असं म्हणून त्या प्रसाद घ्यायला गेल्या.

हा माझा गुन्हा. ती गाडीतली झोप नाही, हा. गाडीत मी एक थट्टा केली, पायऱ्यांवर एक माणूस सोडून दिला. नोकरीसाठी. तीसुद्धा गेलीच असती असं नाही, नुसती जाईल म्हणून.

दत्तू पुढच्या आठवड्यात पहिल्या शिफ्टला गेला. फोर्कलिफ्ट नीट बाजूला लावली, चावी काढली, खाली उतरला आणि पडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन अँब्युलन्समध्ये बसलो होतो. चौकात ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, सगळं ठप्प. सायरन नुसता ओरडत राहिला. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. सगळ्यांनी ट्रॅफिकला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

एका डॉक्टरला मी एकदा आडून आडून विचारलं होतं. ते म्हणाले, स्वस्थ झोपलेल्या माणसाच्या पट्टीत कधी कधी आजार दिसतही नाही. ते वाक्य मी किती दिवस चघळलं! म्हणजे दत्तू स्वतः झोपला असता तरी नॉर्मलच आला असता, कुणी सांगावं? पण त्याचं बीपी तरी त्या गाडीत दिसलंच असतं. गोळ्या चालू राहिल्या असत्या, चालणं चालू राहिलं असतं. आणि पायऱ्यांवर तर मशीनही नव्हतं, मी होतो. ‘न्या वहिनी, आजच न्या’ — एवढंच म्हणायचं होतं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

यंदा दत्तूच्या मुलीचा, सोनालीचा, फोन आला. ती लग्न होऊन पिंपरीत असते. काका, आईला धाप लागते, पाय सुजतात, तपासून घे म्हटलं तर ऐकत नाही. गावात शिबिर आहे, तुम्ही या, तुमचं ती ऐकेल. मी गेलो. देवळाच्या मंडपात टेबलं मांडलेली, बायकांची रांग लागलेली. वहिनी आल्या, पण खांबापाशीच थांबल्या. खूप थकल्यात. मी म्हटलं, वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे.

‘‘काय करायचंय तपासून?’’ त्या म्हणाल्या. आवाज चढला होता, रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. ‘‘ह्यांची बी तपासनी झाली व्हती. चांगलं हाय म्हनून कागद दिला, आन् वरीस सरायच्या आत मानूस गेलं. मशीनला काय कळतंय? सांगा की भाऊजी, व्हता का न्हाई कागद चांगला?’’

सोनाली माझ्याकडे बघत होती. रांग माझ्याकडे बघत होती. तरी बोलता आलं असतं — आवाज होता, शब्दही होते.

‘‘होता, वहिनी,’’ मी म्हणालो.

त्या पदर सावरून घरी निघाल्या. त्यांच्यामागं रांगेतल्या आणखी दोघी बाहेर पडल्या. मी कुणालाच थांबवलं नाही. वहिनींची तपासणी अजून झालेली नाही, आणि मी अजून त्यांच्याकडे गेलेलो नाही.