मशीन बिघडली नव्हती

डॉक्टरांनी ह्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मीही वाकून बघितलं. जिभेच्या आत बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. मग डॉक्टरांनी हातमोजे काढले, खुर्ची आमच्याकडे ओढली आणि म्हणाले, "मोटर न्यूरॉन डिसीज."

मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, तो हा आजार. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. यातला क्रम कोणाचा कसा, ते सांगता येत नाही. डोकं मात्र बहुतेकांचं शेवटपर्यंत साफ राहतं. "औषध आहे," डॉक्टर म्हणाले, "पण ते आजार थोडा लांबवतं. बरं करत नाही." मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कोणाला दोन वर्षं, कोणाला पाच. आम्हाला एकच मिळालं.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं. मी ठामपणे म्हटलं, जूनपासून. एप्रिलपासून होतं ते, आणि ते न कळण्याचा शहाणपणा सगळा माझा.

आमचं गोव्यात डिचोलीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान. मशीन मी चालवायची, टायपिंग आणि डिझाईन हे बघायचे. जून आला की शाळांच्या बाई फादर्स डेसाठी मुलांनी रंगवायचे कागद मागायला यायच्या. इंटरनेटवर ढिगाने मिळतात. टाय लावलेला बाप, हातात कॉफीचा मग, मागे मोटार. पहिल्या वर्षी तेच छापून दिले. हे हसले, म्हणाले, "असलो बापूस डिचोलीत कोणाचो आसा गो?" आणि दुसऱ्या वर्षापासून स्वतः काढायला लागले. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवणारा बाप. विजेच्या खांबावर चढलेला बाप. बोटीवर नोकरीला गेलेला आणि व्हिडिओ कॉलवर दिसणारा बाप. दुकानात आलेल्या पोराला हे विचारायचे, "बापूस काय करता तुझो?" आणि तिथेच कागद ओढायचे. काळ्या पेनाची एक रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न तुटता जायची. मुलांना रंग भरायला बंद रेघ लागते, नाहीतर रंग बाहेर जातो, हे त्यांचं म्हणणं.

त्या एप्रिलात जूनची चित्रं आधीच काढायला घेतली, तर प्रिंटवर रेघा तुटक यायला लागल्या. कडा थरथरलेल्या, मध्येच पुसट. मला वाटलं मशीनमधला छपाईचा ड्रम गेला. म्हापशाहून मेकॅनिक बोलावला, त्याने साफसफाई केली. तरी तेच. परत बोलावला, ड्रम बदलायला लावला. तरी तेच. तिसऱ्यांदा मी त्याला फोनवर असं काही झाडलं की बिचारा धावत आला. त्याने ह्यांचं चित्र हातात धरून उजेडात नेलं, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वयनी, मशीनीक काय झालेला नाय. कागदच तसो आसा."

तरी मी म्हटलं, पेन खराब असेल. माणसाने किती खुळं असावं त्याला काही सीमा आहे का?

जूनमध्ये ह्यांच्या हातातून शर्टाचं बटण सुटायला लागलं. मानेतली नस दबली असेल म्हणून एका डॉक्टरने पट्टा दिला. शेजारणीने तेल दिलं. माझ्या आईने इब्रामपूरला देवाला गाऱ्हाणं घातलं. दीड महिना पट्टा आणि तेल यात गेला. शेवटी बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. मानेचा एमआरआय झाला, तो जवळजवळ साफ आला आणि मी देवाला नारळ बोलले. मग ईएमजी झाली. यात स्नायूत सुई टोचून आतली विजेची हालचाल बघतात. ह्यांच्या दंडात, मांडीत, पाठीत सुया घातल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून त्या यंत्राचा खरखर आवाज येत होता. तो चांगला की वाईट, हे मला कळत नव्हतं.

ज्यांच्या घरी असं काही सुरू असेल त्यांना सांगते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस खाली बसलेलं दिसलं, कातडीखाली स्नायू आपोआप फडफडताना दिसले, हातातून वस्तू सुटायला लागल्या, तर तेल चोळत बसू नका. मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे जा. लवकर गेलो असतो तर हे वाचले असते असं नाही. पण मशीनशी भांडण्यात घालवले ते दिवस मला ह्यांच्याजवळ बसता आलं असतं.

गणेश चवथीला उजवा हात गेला. डिसेंबरपर्यंत डावा. हे जेवणाला बसायचे आणि मी भरवायची. पोई, म्हणजे आमच्याकडचा कोंड्याचा पाव, चहात भिजवून दिली तरी ठसका लागायला लागला, मग पेज, मग पेजसुद्धा गाळून. आमची अन्वी तेव्हा सात वर्षांची. चाकांची खुर्ची घरात आली, तिला ती "पप्पांची गाडी" म्हणायची आणि ओसरीवर ढकलत फिरवायची. हे हसायचे.

डिसेंबरातल्या एका दुपारी माझा तोल गेला. भरवताना पेज अंगावर सांडली होती, दुकान बंद होतं, अन्वी शाळेतून रडत आली होती, कशावरून ते आता आठवत नाही. मी ह्यांना म्हटलं, "साऱ्या डिचोलीच्या पोरांना बापूस काढून दिलात. स्वतःच्या पोरीला एक काढायला सुचलं नाही." ह्यांनी मान जनेलाकडे वळवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मे महिन्यात मी दुकान अर्धा दिवस उघडायला लागले. फुकट गेलेल्या प्रिंटचे आम्ही चार तुकडे करून क्लिपला लावतो, ऑर्डर लिहायला कोरी बाजू कामाला येते. एका बाईंची ऑर्डर लिहायला मी एक चिठ्ठी ओढली आणि सहज उलटली. मागे दोन पाय होते. पायात चप्पल, आणि डाव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन. ती पिन ह्यांच्या चपलेला मीच लावून दिली होती.

बाई समोर उभ्या होत्या. मी त्यांची ऑर्डर दुसऱ्या कागदावर लिहून घेतली.

घरी येऊन ती चिठ्ठी ह्यांच्यासमोर धरली. विचारलं, हे तुम्हीच ना? डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे हो, असं आमचं ठरलं होतं. कधी काढलंत? तोंडातून आवाज यायचा, पण शब्द ओळखायला वेळ लागायचा. गेला एप्रिल, म्हणाले. मग मला का सांगितलं नाही? तीन वेळा म्हणावं लागलं तेव्हा मला कळलं. "मशीन दुरुस्त झाली की परत काढणार होतो." मशीन म्हणजे ह्यांचा हात.

अन्वीसाठी ह्यांनी स्वतःचं चित्र काढलं होतं. रेघ थरथरलेली, म्हणून मी ते बिघडलेली प्रिंट समजून कटरखाली घातलं होतं. आणि डिसेंबरात वर तोंड करून ह्यांनाच बोललेही होते. मी ह्यांच्या पायांवर डोकं टेकून रडले. त्या पायांना तेवढं कळत होतं. या आजारात स्पर्श कळतो.

दुकानातल्या सगळ्या चिठ्ठ्या उलट्या केल्या. दोन दिवस लागले. चारातले तीन तुकडे सापडले. एकात दुकानाची पाटी, एकात स्कूटर, एकात ते पाय. वरचा उजवा, ज्यात ह्यांची छाती, हात आणि तोंड होतं, तो कोणाच्या तरी ऑर्डरबरोबर गेला होता. तीन तुकडे मशीनच्या काचेवर जोडून ठेवले आणि कॉपी काढली. चौथ्या जागी कोरा कागद.

अन्वीला सगळं खरं सांगितलं. आईने पप्पांचं चित्र कापून टाकलं, चुकून. ती रागावली नाही. पेन्सिल घेऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई, पप्पांची मान सरळ काढू की आता आहे तशी?"

ह्यांची मान तेव्हा उजवीकडे कलंडलेली असायची, उशी लावून ठेवावी लागायची. ती स्वतःच आत जाऊन ह्यांना विचारून आली आणि म्हणाली, "आहे तशी."

तिच्या वर्गाच्या बाईंनी तिला फादर्स डेचं म्हणून हेच चित्र पुरं करायला दोन दिवस जास्त दिले. त्या बाई, तो म्हापशाचा मेकॅनिक, आमच्याशी कधी खोटं न बोललेले डॉक्टर, आणि त्यानंतरचे दोन महिने दर दुपारी येऊन ह्यांना कुशीवर वळवायला हात लावणारी शेजारीण, या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

फादर्स डेच्या रविवारी अन्वीने कागद ह्यांच्यासमोर धरला. खाली बापाच्या हातचे पाय, सरळ उभे. वर लेकीच्या हातची मान, कलंडलेली, आणि हात मोठे मोठे, शर्ट निळा. तिचे रंग सगळ्या थरथरत्या रेघांतून बाहेर गेले होते. हे बराच वेळ बघत होते. मग रडायला लागले, आणि त्यातच हसायला लागले, आणि ते थांबेना. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, या आजारात हसू आणि रडू आवरता येत नाही, नसांमुळे होतं ते, घरच्यांनी मनावर घेऊ नये. मी अन्वीला जवळ ओढून घेतलं आणि सांगितलं, पप्पांना तुझं चित्र खूप आवडलं. त्या दिवशी मी मनावर घेतलं.