रोवणीतला अंगठा

माझ्या पहिलीतल्या मुलीच्या हृदयाला भोक आहे, हे शाळेत तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नागपुरात ऑपरेशन फुकट होणार होतं, तारीखही मिळाली. फक्त सरकारी विम्याचं कार्ड हवं होतं, आणि पोर लहान म्हणून त्यासाठी आईचा अंगठा लागणार होता.

तेव्हा भाताची रोवणी जोरात होती. रोज बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्ह्यांची रोपं लावून माझी बोटं सोलून निघाली होती. कार्ड काढायला लाखांदूरच्या केंद्रावर गेले, तर मशीन अंगठा घेईना. मला वाटलं, रेघांत चिखल बसलाय. घरी येऊन विटेच्या तुकड्यानं अंगठा घासघास घासला. उरल्यासुरल्या रेघाही गेल्या. माझ्यासारखी शहाणी मीच.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा केंद्रावरचा मुलगा अंगठा बघून हसला. रोवणी झाल्यावर या म्हणाला, तोवर कातडी येईल. तारीख आठवड्यावर आली होती. आठवडाभर मी हात पाण्यात घातला नाही, खोबरेल तेल चोळत बसले. कातडी काही आली नाही, तारीख मात्र निघून गेली. आमची जागा दुसऱ्या लेकराला मिळाली.

तिसऱ्या खेपेला मुलीला कडेवर घेऊन गेले. चार पावलं चालली तरी तिचे ओठ निळे पडायचे. पुन्हा तेच उत्तर मिळालं आणि माझं टाळकं सटकलं.

“आमच्या हातानं लावलेला भात चालते तुले, अंगठा कायले नाही चालत?”

त्याच्या टेबलासमोर मी फतकल मारून बसले. मग त्यानं कपाटातून एक डबा काढला. अंगठ्याऐवजी डोळ्यांवरून ओळख पटवायचं मशीन होतं ते. पहिल्या दिवसापासून तिथंच होतं, कुणी उघडलं नव्हतं इतकंच. दोन मिनिटांत काम झालं. वर मलाच म्हणाला, “काकू, आधीच विचाराचं ना.”

नवी तारीख दीड महिन्यानं मिळाली. तेवढे दिवस मी पोरीला धावू दिलं नाही, धड रडूही दिलं नाही. आज ती बरी आहे, आणि लोक म्हणतात, झालं ना सगळं नीट, आता राग सोड. कसा सोडू? त्या दीड महिन्यात ती गेली असती, तरी आईनं विचारलं नाही म्हणून गेली, असंच त्या केंद्रवाल्यांनी सांगितलं असतं.