घरटी एक पोरगं

"घरटी एक!" असं म्हणून एक बोट वर करायचं आणि समोरच्यानं मान हलवल्याशिवाय ते खाली घ्यायचं नाही, ही आमच्या सुभेदारांची सवय. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, कुठंही. असे रिटायर फौजी तुम्हीही पाहिले असतील. त्यांचं म्हणणं एकच: देश राखायचा तर प्रत्येक घरानं एक पोरगं फौजेला द्यावं.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए., तोही संरक्षणशास्त्र घेऊन. मी कशाला ऐकून घेतो?

"सुभेदार, आता लढाई यंत्रांची. माणसं थोडी, पण तरबेज लागतात. नुसती डोकी जमवून काय होतंय?"

"अन् प्रोफेसर, तोफ चिखलात रुतली की तुमचं पुस्तक ढकलणार व्हय?"

सगळं हॉटेल हसायचं. मीही.

कळमनुरी रस्त्याच्या माळावर ते गावातली अन् तांड्यावरची पोरं पळवायचे. शिव्या खास मिल्ट्रीच्या हिंदीत. पण जो धापा टाकत मागं राहील, त्याला घरी नेऊन दूध पाजायचे. माझा धाकटा भाऊ सगळ्यांत पुढं. आई मात्र त्याला सोडायला तयार नव्हती. एक दिवस सुभेदार स्वतः येऊन चुलीपाशी बसले.

"वैनी, काहून भेऊन राहिल्या? दोघांची पोरं संगंच जातील. माझं तुमच्या पोराच्या बराबर."

त्या एका बोलावर आई राजी झाली.

भरतीच्या दिवशी हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये सुभेदारांचा मुलगा नव्हता. "ताप हाय त्याला. पुढच्या भरतीला धाडतो," ते म्हणाले. आम्ही खरं मानलं. भाऊ निवडला गेला. पुढची भरती आली तेव्हा सुभेदारांचं पोरगं नांदेडला फार्मसी शिकत होतं.

काही वर्षांनी सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि भाऊ तिथंच होता. आई दिवसभर शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढं बसून राहायची, बातम्यांमधलं हिंदी न कळता. मी सुभेदारांना रस्त्यातच गाठलं.

"आईला शब्द देऊन सोताचं पोरगं काहून मागं ठेवलं?"

या वेळी बोट वर आलं नाही. "लढाई तू पुस्तकात वाचलीस, बापू. मी बघून आलो. माझा जीव धजला न्हाई."

"बघितलं होतं, तर आमच्या आईला काहून न्हाई सांगितलं?"



भाऊ वाचला, पण एका कानानं बहिरा झाला; फौजेनं त्याला कचेरीच्या कामावर ठेवलं. तरी रजेवर आला की तो सुभेदारांच्या पाया पडायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. मला ते बघवत नसे.

पुढं सुभेदार कायमचे नांदेडला, मुलाकडं निघाले. सामान टेम्पोत भरून आमच्या घरी निरोप घ्यायला आले. आईनं पाणी दिलं. ते प्याले.

"येतो, वैनी."

यावर "या" म्हणायची आपल्याकडं रीत. आई ज्वारी निवडत राहिली. सुभेदार उंबऱ्यात थांबले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला.