बोलिव्हियाचं कार्ड

“बोलिव्हिया! राजय्या, बोलिव्हिया घावलं!” मी असा ओरडलो, की सोलापुरातल्या निम्म्या चादरी उसवल्या असतील.

वीज गेली की गल्लीतले यंत्रमाग थांबत. तेवढ्या शांततेत आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून दूरची केंद्रं शोधायचो. राजय्या विणकर, कान त्याचे. माझ्याकडे नुसती जगभरच्या केंद्रांची जाडजूड मार्गदर्शिका. ऐकल्याचं पत्र धाडलं की केंद्राकडून खात्रीचं कार्ड येई. तसं एक कार्ड मागाशेजारी चिकटवायचं, एवढीच त्याची हौस.

“भर दुपारी बोलिव्हिया?” राजय्या म्हणाला. “इतक्या लांबचं रात्रीच लागतं की.”

“काट्याच्या आकड्यावर बोलिव्हियाच छापलंय. मग पुस्तक खोटं बोलतंय व्हय?” मी त्याच्या नावानं पत्र लिहिलं, वर न ऐकलेली दोन गाणी घातली.

इतक्या वर्षांनी परवा ते पुस्तक माळ्यावर सापडलं. वाळवीनं अख्खी आफ्रिका खाल्लेली, बोलिव्हिया शाबूत. त्या कुबट वासानं मी तिथंच बसलो. हल्ली थापा मारायचंही त्राण उरलेलं नाही.

तेव्हा त्या पत्राला तीन महिन्यांनी केंद्राचं उत्तर आलं होतं: ‘त्या दिवशी आमचं प्रक्षेपण बंद होतं.’ ते मी राजय्याला वाचून दाखवलं.

राजय्या मागाला तेल घालत होता. “मला तवाच कळलं होतं की,” तो म्हणाला. “तू लई खूश होतास.”