पंधरा नव्हे, अकरा

दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज करायचं ठरलं, तेव्हा वकीलबाईंनी आमच्या हातात एकेक कोरा कागद दिला. "काय आहे, कुणाचं आहे, कुणाकडे जायचं, सगळं वेगवेगळं लिहून आणा. भांडायचं असेल तर इथे येण्याआधी भांडून घ्या."

म्हणून आम्ही नवरा-बायको जयनगरच्या एका दर्शिनी हॉटेलात, उभ्याने खायच्या टेबलापाशी भेटलो. सवयीने मी बाय-टू कॉफी सांगायला निघालो.

"मला अख्खी सांगा," ती म्हणाली. "एकातली दोघांत बंद आता."

तिच्या यादीची पहिली ओळ होती, घराची लीज, पंधरा लाख. इथे लीजच्या घराला भाडं नसतं. मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि घर सोडताना ती परत घ्यायची. ते पैसे तिचे होते, नोकरी सोडल्यावर मिळालेले. करार माझ्या नावावर केला, कारण दुसरं काही तेव्हा आम्हाला सुचलंच नाही. आता त्याच पैशांतून तिने चामराजपेटेत छोटं घर पाहिलं होतं, बारा लाखांच्या लीजवर. खाली शिंप्याचं दुकान, वर गच्ची. ती गच्चीबद्दल बोलत होती आणि मी तिच्या यादीतल्या पंधराकडे पाहत होतो.

दोन वर्षांपूर्वी मी शेअर्समध्ये बुडालो. तिला न सांगता मालकाकडून चार लाख परत घेतले आणि त्याबदल्यात दरमहा भाडं भरू लागलो. बाकीच्या भांडणांत थोडी तिची बाजू असेल, थोडी माझी. या गोष्टीत मला बाजूच नाही.

"पंधरा नाहीत," मी म्हणालो. "अकरा आहेत." मग सगळं सांगितलं.

तिने कॉफी संपवली. पेला खाली ठेवला.

"म्हणजे दोन वर्षं मी भाड्याच्या घरात राहत होते."

"हो."

"आणि मालक जिन्यात अक्का, अक्का करत हसायचे, त्यांना माहीत होतं."

"हो."

तिने यादी माझ्याकडे फिरवली, वर पेन ठेवलं. "लिहा. तुमच्या अक्षरात. अकरा घर सोडताना. एक तुमच्या पीएफमधून, माझ्या नव्या कराराआधी. उरलेले तीन वर्षभरात."

मी लिहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पैशांबद्दल खरं काही लिहीत होतो.

"तुमच्याकडे काय राहतं मग?"

"स्कूटर."

"ती माझ्या नावावर आहे." मी किल्ली काढून पुढे केली. "ठेवा. माझ्या कुंड्या न्यायला लागेल."

दीड महिन्याने पाच खेपांत कुंड्या त्या गच्चीवर पोचवल्या. नव्या घराच्या करारावर तिचं एकटीचं नाव आहे. साक्षीदार म्हणून खाली सही करायला तिने मलाच बोलावलं.