जिंकलेल्या मुलीची बॅग

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढा वैताग दुसऱ्या कुठल्याच प्रकरणाने दिला नाही.

मी तेव्हा केळापूर तालुक्यात ठाणेदार होतो. तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा जिंकून आली होती. स्पर्धा छोट्या दर्जाची, पण परदेशी मुलींना हरवून मिळवलेलं विजेतेपद. ती एका दिवसासाठी आईवडिलांना भेटायला आली आणि लोकांनी तिला मंडपात नेऊन बसवलं. बंदोबस्त अर्थातच आमच्या गळ्यात. भाषणांना अंत नव्हता. एका पुढाऱ्याने तिला बॅडमिंटनची राणी करून टाकलं. लहानपणी तिला रॅकेट धरायला आपणच शिकवलं असं सांगणारे तर मोप निघाले. मुलगी बिचारी सारखी घड्याळ बघत होती.

कार्यक्रम संपला आणि तिची बॅग गायब.

ती थेट ठाण्यात आली. सोबत वडील आणि मामा, त्यांच्यामागे निम्मा मंडप.

"सर, साऱ्या रॅकेट त्यातच आहे. मले आजच निघा लागते," ती म्हणाली.

पुढची स्पर्धा परराज्यात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे स्वतः हजर राहून सही केली नाही, तर पात्रता फेरीतून नाव बाद. क्रमवारीतले गुण असे एकेका स्पर्धेतून गोळा करावे लागतात, हे मला तेव्हा कळलं. नव्या रॅकेट घ्या म्हणावं, तर तारांचा ताण, मुठीची जाडी, सगळं तिच्या हाताप्रमाणे करून घेतलेलं. शिवाय आमच्या बाजारात टेनिसची रॅकेट मिळणार कुठे?

स्टेशन डायरीला नोंद घेतली, नाकाबंदी लावली, पथक मंडपाकडे पिटाळलं. इकडे ठाण्यात लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. त्यांना बाहेर काढता काढता माझा घसा बसला.

तेवढ्यात मंडपवाल्याने खबर दिली. "साहेब, ते लांबी काळी थैली हार-शालींसंगं ऑटोत गेली. स्वागत समितीचा बिल्ला लावेल माणसानं ठेवली. तोंड नाई पायलं मी."

आता बिल्ला कोणी लावला नव्हता? समितीच्या लोकांना एकेक करून आत घेतलं. 'तुम्ही कुठे होता?' एवढंच विचारलं, तरी प्रत्येक जण मुलीशी आपलं नातं काय, तिथून सुरुवात करी. शेवटी मामांची पाळी आली. बिल्ला त्यांच्याही छातीवर होता.

ज्याची वस्तू जाते तो पोलिसांना भंडावून सोडतो, 'कधी सापडेल?' म्हणून. हे मामा उलट मलाच धीर देऊ लागले.

"टेन्शन कायले घेता साहेब? उद्या दुपारनंतर भेटून जाईन थैली."

"दुपारनंतरच का?"

मामा छातीवरचा बिल्ला काढून खिशात घालू लागले.

"उद्या सकाळी तुमच्या गावात काय आहे?"

त्यांनी मान खाली घातली. "सत्कार."

मग सगळं बाहेर आलं. "पत्रिका वाटल्या, मंडप टाकला, मोठे मोठे लोक येऊन राह्यले. भाची चालली गेली तं गावात तोंड कसं दाखवू? चोरी नाई केली साहेब. रोकलं फक्त तिले."

रात्री उशिरा बॅग त्यांच्या घरी कापसाच्या खोलीत निघाली. मी गुन्हा दाखल करायला निघालो, तर मुलीनेच हात जोडले. माझा मामा आहे, म्हणाली. मामांना समज देऊन सोडलं. बॅग घेऊन तिला गाडीत बसवायला निघालो, तर माझ्याच हवालदाराने शाल आणि नारळ पुढे केला! मी त्याच्यावर असा ओरडलो की नारळ खाली पडला.

नागपूरहून सुटणारी गाडी तिला मिळाली नाही. मिळेल त्या वाहनाने ती पोहोचली, तेव्हा नावं घेणं बंद झालं होतं. मामांच्या गावचा सत्कार मात्र ठरल्याप्रमाणे झाला, तिचा फोटो खुर्चीवर ठेवून. तिथेही बंदोबस्त आमचाच.

वाईट हेतूने केलेला गुन्हा उघडकीला आणणं आम्हाला शिकवलेलं असतं. पण कौतुकाच्या भरात माणसं जे नुकसान करतात, त्याला कुठलं कलम लावायचं, हे निवृत्त होईपर्यंत मला समजलं नाही. त्या मामांचा भाचीवर जीव होता, यात मला आजही शंका नाही. राग येतो तो त्याचाच.

पुढे त्या मुलीने आणखी स्पर्धा जिंकल्या. मध्यंतरी पांढरकवड्याच्या बाजारात तिची आई भेटली. मी विचारलं, पोरगी घरी येते की नाही?

"येते ना साहेब," ती म्हणाली. "हारली तं येते. जितली तं नाई येत."