मारीवोनची बोट रुतली

मारीवोनची बोट कधी वाळूत रुतली नव्हती. फ्रान्समधल्या लुआर नदीवर असं छाती ठोकून सांगणारं दुसरं कोणी नाही. नदी लहरी, आज पाणी तिथे उद्या वाळू. म्हणून दर वसंतात म्हातारा आन्सेल्म पात्रात काठ्या रोवतो. एका बाजूला नुसत्या, दुसऱ्या बाजूला शेंड्याला गवताची जुडी बांधलेल्या. त्यांच्या मधून जायचं. तरी कोणी रुतलाच, तर त्याच संध्याकाळी त्याने सगळ्या बोटवाल्यांना लाल वाइनमधलं ईल माशाचं कालवण खाऊ घालायचं. वर टोमणे वर्षभर फुकट.

मारीवोनचा बाप लवकर गेला. वासा हातात देऊन बोट ढकलायला तिला आन्सेल्मनेच शिकवलं. पुढे लग्न झालं. नवरा म्हणाला, बोट ठेव नाहीतर मला. तिने त्याची बॅग काठावर नेऊन ठेवली. तेव्हापासून ती पाहुण्यांना सोम्यूरहून कांदपर्यंत नेते, आणि मजेत आहे.

त्या दिवशी बोटीत लियों शहरातून आलेली मंडळी होती. त्यातल्या मादाम व्हियारनी सकाळपासून तीन राजवाडे पायाखाली घातले होते आणि त्यांचे गुडघे बोलत होते.

"बाई, मोंसोरोचा राजवाडा आला ना? उतरायचं का?"

"उतरलात तर जिनेच दिसतील. इथून बघा, अख्खं गाव दिसतंय."

वारा मागून होता, शीड मस्त फुगलं होतं. पांढऱ्या दगडाची घरं पाण्यात हलत होती. मादाम व्हियार पुढे वाकून बघायला लागल्या.

आणि खर्रकन आवाज झाला. बोट थांबली.

मारीवोनने खाली पाहिलं. वाळू घट्ट, वर गवत उगवलेलं. म्हणजे जुनीच. नदीने काही दगा दिला नव्हता, जुडीची काठी चुकीच्या जागी होती. परवा आन्सेल्मने पाव समजून रुमालाला लोणी लावलं होतं. तिने ते पाहिलं होतं, पण ती काही बोलली नव्हती. मोठी बोट त्याने कधीच विकली. एक छोटी होडी आणि या काठ्या, एवढंच उरलं होतं म्हाताऱ्याकडे. काठ्यांचं काम आता गिल्बेर बोटवाल्याकडे द्या, अशी कुजबुज चालूच होती.

"उतरा सगळे," ती म्हणाली. "पाणी घोट्याएवढं आहे."

मंडळी बूट हातात घेऊन उतरली आणि पोरांसारखी खिदळायला लागली. सगळ्यांनी मिळून बोट ढकलली. मग मारीवोनने ती काठी उपटली आणि पलीकडे, हिरवं खोल पाणी सुरू होतं तिथे रोवली.

"हे काय करताय?" मादाम व्हियारनी विचारलं.

"आवराआवर."

कांदच्या धक्क्यावर बोटवाले बसले होते. मादाम व्हियार उतरल्या त्या बोलतच. "आम्ही रुतलो! तिन्ही राजवाड्यांपेक्षा जास्त मजा आली."

सगळ्यांच्या माना वळल्या. मग गिल्बेर म्हणाला, "मारीवोन रुतली? थांबा, मला नीट बसू द्या." त्याने हळूच आन्सेल्मकडे पाहिलं. "काठ्यांच्या मधून जात होतीस ना?"

आन्सेल्म पाईप पुसत बसला होता. त्याचा हात थांबला.

"काठ्यांना काय झालंय?" मारीवोन म्हणाली. "राजवाडा दाखवत होते यांना. तोंड मागे आणि बोट पुढे."

"म्हणजे बडबड नडली."

"तुझ्यापेक्षा कमीच बडबडते मी. ईल आण जा, आणि ताजे आण."

हसून हसून त्यांची पोटं दुखली. तिचे कान तापले, पण ती हटली नाही.

संध्याकाळी धक्क्यावरच टेबलं मांडली. गिल्बेरने दर घासाला विचारलं, यात वाळू लागतेय का. आन्सेल्मने दोन वाडगे संपवले.

"मीठ कमी आहे, पोरी."

"गप खा, बाबा."

थोड्या वेळाने तो तिच्याकडे वाकला. "ती काठी रोवताना मला नीट दिसत नव्हतं."

"माहितीये."

"पुढच्या वसंतात येशील माझ्या होडीत? काठी मी रोवतो, तू फक्त बघ."

"येते. पण डबा तू आणायचा."

त्याने मान हलवली आणि सुरीवर लोणी घेतलं. मारीवोनने गिल्बेरशी भांडता भांडता पाव त्याच्या सुरीखाली सरकवला.